साडेचार लाख बरोबर उत्तरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ईव्ह मार्डर यांच्या संशोधनावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतलीत. मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे उत्तरही सविस्तर द्यायला हवं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही इंजिनियर आहात, सिम्युलेशन हे तुमचं रोजचं काम. तुमच्या मते ब्रँडाइस विद्यापीठातल्या या प्राध्यापिकेने अख्खी कारकीर्द खेकड्याच्या पोटातल्या पंचवीस-तीस न्यूरॉन्सवर, म्हणजे चेतापेशींवर, घालवली आणि माणसाच्या मेंदूबद्दल त्यातून काही हाती लागलं नाही. दुसरं, त्यांच्या गटाने कॉम्प्युटरवर या पेशींच्या जाळ्याची दोन कोटी गणिती मॉडेलं चालवली आणि त्यातली काही लाख जुळली यात नवल ते काय. इतकी बटणं हातात असली की काहीही जुळवता येतं. तिसरं, मेंदूच्या मॉडेलांवर युरोपने पाण्यासारखा पैसा ओतला आणि मेंदू काही तयार झाला नाही. शेवटी तुम्ही विचारलंत, की असा कोणता निकाल आला असता तर मॉडेल फसलं हे मी मान्य केलं असतं?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. कुठल्याही मॉडेलला तो विचारायलाच हवा, आणि मार्डर यांच्या कामाला तो विचारला तर उत्तर मिळतं. तिथपर्यंत मी जाणारच आहे, पण वाट तुमच्या हत्तीवरून जाते.

हत्तीचा किस्सा तुम्ही नुसता सूचित केलात, म्हणून इथे पुरता सांगते. १९५३ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन आपली गणितं घेऊन त्या क्षेत्रातले दिग्गज एन्रिको फर्मी यांना भेटायला गेले. आकडे प्रयोगाशी छान जुळत होते. फर्मींनी विचारलं, पॅरामीटर, म्हणजे हवी तशी फिरवता येणारी बटणं, किती वापरलेत? चार. त्यावर फर्मींनी गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांचं म्हणणं ऐकवलं : चार पॅरामीटर द्या, मी हत्ती बसवून दाखवतो, पाचवा दिलात तर त्याला सोंडही हलवायला लावतो. डायसन यांनी त्या कामातून अंग काढून घेतलं. तुमचा आक्षेप हाच आहे आणि तो रास्त आहे. ज्या आकड्यांवर मॉडेल बसवलं त्याच आकड्यांशी ते जुळतं, एवढंच कुणी सांगत असेल तर त्याने काहीच सांगितलेलं नाही.

पण याच्या एकच वर्ष आधी, १९५२ साली, ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी न्यूरॉनच्या विद्युत स्पंदाचं मॉडेल प्रसिद्ध केलं होतं. आजही या क्षेत्रातलं बहुतेक काम त्याच समीकरणांच्या पायावर उभं आहे. त्यातही बटणं भरपूर होती. मग तो हत्ती का नाही?

स्क्विड, म्हणजे आपलं म्हाकूळ, त्याच्या शरीरात एक चेतातंतू इतका जाड असतो की आत लांबीच्या दिशेने तार सरकवता येते. हॉजकिन आणि हक्सली यांनी तंतूच्या आवरणावरचं व्होल्टेज इलेक्ट्रॉनिक युक्तीने एका ठरावीक पातळीवर जखडून ठेवलं आणि त्या वेळी सोडियम आणि पोटॅशियम किती वाहतं ते मोजलं. व्होल्टेज जखडलेलं असल्यामुळे या मोजमापांत स्पंद उठूच शकत नव्हता. समीकरणांतले सगळे आकडे त्यांनी या जखडलेल्या अवस्थेतून काढले. आणि मग ती समीकरणं मोकळी सोडली, तेव्हा कागदावर स्पंद उठला. त्याचा आकार त्यांनी समीकरणांत कुठेच घातलेला नव्हता.

वेगाचं गणित तर याहून बोलकं आहे. केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा दुरुस्ती-बदलांसाठी बंद होता, म्हणून हक्सली यांनी ब्रन्सविगाच्या हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर समीकरणं टप्प्याटप्प्याने सोडवली. तंतूवरून धावणाऱ्या स्पंदाचा वेग आधी ठाऊक नसतो. एक वेग गृहीत धरायचा आणि दांडा फिरवत गणित पुढे न्यायचं. अंदाज एका बाजूला चुकला तर व्होल्टेज वरच्या दिशेने अनंताकडे पळतं, दुसऱ्या बाजूला चुकला तर खालच्या. मधला एकच वेग असा, की स्पंद उठतो, उतरतो आणि पुन्हा मूळ पातळीवर येऊन थांबतो. तो वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर. प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२ मीटर. हा वेग मॉडेलला कुणी शिकवलेला नव्हता. तुमच्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग एका डेटावर झालं आणि परीक्षा पूर्णपणे वेगळ्या डेटावर.

आणखी एक गोष्ट. पोटॅशियमच्या प्रवाहाचा आलेख जुळवायला त्यांना एका राशीचा चौथा घात घ्यावा लागला. आवरणातली पोटॅशियमची वाट उघडायला चार गोष्टी एकाच वेळी जागेवर याव्या लागतात, असा त्याचा अर्थ लावता येत होता, पण पुरावा नव्हता, आणि दोघांनीही तसा दावा रेटला नाही. १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने जिवाणूतल्या पोटॅशियम चॅनेलची, म्हणजे अशाच एका वाटेची, रचना उलगडली. ती चार सारख्या घटकांची बनलेली आहे. सोडियमच्या बाबतीत हिशोब इतका सरळ बसत नाही, हेही सांगायला हवं. पण आवरणातली 'वाट' ही मुळात एक प्रथिनाची वस्तू आहे हे कुणी दाखवण्याच्या कितीतरी आधी समीकरणांनी तिच्याबद्दल नेमकं काहीतरी सांगून ठेवलं होतं.

आता खेकड्याकडे वळू. खेकड्याच्या जठराशी एक छोटी चेतागाठ असते. ती अलगद काढून खाऱ्या द्रावणाच्या बशीत ठेवली तरी तासन्‌तास आपला ताल चालू ठेवते. अन्न गाळणाऱ्या भागाचे स्नायू ज्या तालावर हलतात त्याला पायलोरिक ताल म्हणतात. त्यात तीन प्रकारचे न्यूरॉन ठरलेल्या क्रमाने, एकामागून एक पेटतात आणि साधारण सेकंदभरात पुन्हा पहिल्याची पाळी येते. कोण कुणाला जोडलेला आहे हा नकाशा इथे फार पूर्वीच पूर्ण झाला. म्हणूनच ही गाठ मोलाची आहे. 'आधी सगळी जोडणी कळू दे, मग मेंदू कळेल' असं जे म्हटलं जातं ते इथे करून बघता येतं. जोडणी कळली, आणि कोडं सुटलं नाही. त्याच तारांवर वेगवेगळी रसायनं सोडली तर तीच गाठ वेगवेगळे ताल धरते.

तुमचा रोख २००४ च्या निबंधावर आहे, ॲस्ट्रिड प्रिन्झ, डर्क बुखर आणि मार्डर यांच्या. तिन्ही न्यूरॉन प्रकारांची काही मॉडेलं घेतली, त्यांच्यामधल्या जोडांची ताकद कमी-जास्त केली आणि अशी दोन कोटींहून जास्त जाळी कॉम्प्युटरवर चालवली. त्यातली सुमारे साडेचार लाख खऱ्या गाठीसारखा ताल देत होती.

'दोन कोटींत काही जुळणारच' असं तुम्ही म्हणता. पण प्रमाण बघा. शंभरातली जेमतेम दोन जुळली, अठ्ठ्याण्णव फसली. बटणं फिरवून काहीही जुळवता येत असतं तर इतकी जाळी नापास झाली नसती. आणि खरी बातमी किती जुळली यात नव्हतीच. जी जुळली ती एकमेकांसारखी नव्हती. एका जाळ्यात एखादा जोड अगदी क्षीण, दुसऱ्यात तोच दणकट, आणि बाहेर येणारा ताल मात्र सारखा. आत सगळं वेगळं असूनही बाहेरून ओळखू येणार नाही इतका सारखा.

इथे दोन अर्थ लागतात. एक तुमचा : मॉडेल ढिसाळ आहे, त्याला नीट बांधलेलं नाही, म्हणून इतकी उत्तरं येतात. दुसरा मार्डर यांचा : खेकडेच तसे आहेत. दोन निरोगी खेकड्यांच्या गाठी आतून तितक्याच वेगळ्या असतील आणि तरी दोघांचं पोट बिनबोभाट चालत असेल. यातला कोणता खरा हे कॉम्प्युटर सांगू शकत नाही. खेकडाच सांगेल.

म्हणून खेकड्याला विचारलं गेलं. २००६ साली डेव्हिड शुल्झ, जाँ-मार्क गोयार आणि मार्डर यांनी वेगवेगळ्या खेकड्यांमधला तोच ओळखीचा न्यूरॉन घेऊन त्याचे आयन प्रवाह मोजले आणि चॅनेल बनवण्याच्या जनुकीय संदेशाचं प्रमाणही मोजलं. या गाठीतल्या न्यूरॉन्सना ओळख असते, हा इथला मोठा फायदा. प्रत्येक खेकड्यात 'तोच' न्यूरॉन बोट ठेवून दाखवता येतो, म्हणजे भलत्याशी तुलना केली असं कुणी म्हणू शकत नाही. फरक दुपटीपासून चौपटीपर्यंत निघाला, निरोगी प्राण्यांत, एकाच नावाच्या पेशीत.

तर तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हे : ही मोजमापं सगळ्या खेकड्यांत जवळपास सारखी आली असती, तर २००४ चा निष्कर्ष कॉम्प्युटरची करामत म्हणून बाजूला ठेवावा लागला असता. मीही ठेवला असता, आणि तो लेख लिहिला नसता.

सरासरीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण या सगळ्या कामातला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग तो आहे. जीवशास्त्रात आपण काय करतो? दहा प्राण्यांत एक राशी मोजतो, सरासरी काढतो आणि ती 'नमुनेदार' न्यूरॉनची राशी मानतो. दुसरी राशी आणखी दहा प्राण्यांत मोजतो. मग सगळ्या सरासऱ्या एकत्र घालून मॉडेल बांधतो. होर्हे गोलोवाश, मार्क गोल्डमन, लॅरी ॲबट आणि मार्डर यांनी २००२ साली दाखवलं की ही पद्धत मुळातच दगा देऊ शकते. एकाच पद्धतीने वागणारी ढीगभर मॉडेलं घेतली, त्यांच्या सगळ्या राशींची सरासरी काढली आणि त्या सरासरीचं मॉडेल चालवलं. ते त्यांच्यातल्या एकासारखंही वागलं नाही. कारण चालणारी उत्तरं एका गोळ्यात नसतात, ती वाकलेल्या आकारात पसरलेली असतात. बांगडीवरच्या सगळ्या बिंदूंची सरासरी काढली तर ती बांगडीच्या पोकळीत पडते, बांगडीवर पडत नाही. तसंच हे. सरासरी न्यूरॉन नावाचा प्राणी निसर्गात नसू शकतो, आणि हे कळायला मॉडेलच लागलं. बशीतल्या पेशीकडे कितीही टक लावून बघितलं असतं तरी हे दिसलं नसतं.

तुम्ही प्रतिक्रियेत 'कॉम्प्युटरवरचा खेळ' असा शब्दप्रयोग केलात. त्यावर एक गोष्ट तुम्हाला इंजिनियर म्हणून नक्की भावेल. १९९३ साली मार्डर, ॲबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'डायनॅमिक क्लॅम्प' नावाचं तंत्र पुढे आणलं. जिवंत न्यूरॉनमध्ये इलेक्ट्रोड असतो. कॉम्प्युटर क्षणोक्षणी त्या न्यूरॉनचं व्होल्टेज वाचतो, या व्होल्टेजला अमुक चॅनेलमधून किती प्रवाह आला असता याचं समीकरण सोडवतो आणि तेवढा प्रवाह लगेच पेशीत सोडतो. व्होल्टेज बदलतं, ते पुन्हा वाचलं जातं, चक्र चालू राहतं. पेशीच्या दृष्टीने तिच्या अंगात एक नवा चॅनेल आलेला असतो, जो खरं तर समीकरणात आहे. एकमेकांना न जोडलेल्या दोन न्यूरॉन्समध्ये असा नसलेला जोड बसवता येतो आणि असलेला प्रवाह उणेही करता येतो. मॉडेल आणि प्राणी एकाच परिपथात बसलेले असतात. चुकीचं समीकरण घातलंत तर जिवंत पेशी तुमच्यासमोर ताल सोडते. याहून कडक परीक्षक कुठून आणायचा?

युरोपच्या पैशाबद्दल आपलं फारसं भांडण नाही. मेंदूशास्त्रज्ञ हेन्री मार्करम यांनी २००९ साली जाहीर व्याख्यानात म्हटलं होतं की माणसाचा मेंदू दहा वर्षांत कॉम्प्युटरवर उभा करता येईल. २०१३ साली युरोपचा ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट सुरू झाला, अब्जभर युरोच्या गप्पा झाल्या. वर्षभरातच शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर पत्रावर सह्या करून त्याच्या दिशेबद्दल आणि कारभाराबद्दल नाराजी नोंदवली. २०२३ साली प्रकल्पाची मुदत संपली. मेंदू उभा राहिला नाही. त्यातून उपयोगी साधनं निघाली. अपस्माराच्या रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूच्या जोडणीवरून मॉडेल बांधून झटका कुठून उठतो ते शोधायचा फ्रान्समधल्या मार्से शहरातला प्रयत्न मला त्यात सगळ्यात आश्वासक वाटतो. पण दिलेला शब्द पाळला गेला नाही हे खरं आहे. तुमची चीड मला पटते, फक्त तिचा रोख चुकीच्या माणसावर आहे. सगळे आकडे गोळा करून एकच तंतोतंत प्रत बांधायची या कल्पनेला सर्वात जड जाणारा आक्षेप खेकड्याच्या गाठीतूनच येतो : प्रत कुणाची? कोणत्या प्राण्याची? वेगवेगळ्या प्राण्यांतून गोळा केलेल्या सरासऱ्यांची प्रत काढलीत तर ती कुणाचीच नसेल.

आता 'माणसाला काय उपयोग'. हा प्रश्न मी टाळणार नाही, पण याचं उत्तर औषधाच्या बाटलीत मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. साडेचार लाख उत्तरं शक्य असतील तर पेशी त्यातल्या एकाशी पोचते कशी? लॅरी ॲबट आणि मार्डर यांनी नव्वदच्या दशकात सुचवलं की न्यूरॉन स्वतःच्या हालचालीवर पेशीतल्या कॅल्शियमवरून लक्ष ठेवतो. हालचाल जास्त झाली की चॅनेलांचं प्रमाण बदलून ती उतरवतो, कमी पडली की चढवतो. आधी ही फक्त समीकरणांतली कल्पना होती. जीना टुरिजियानो तेव्हा मार्डर यांच्याच प्रयोगशाळेत होत्या. त्यांनी ती बशीत वाढवलेल्या खेकडावर्गी न्यूरॉन्समध्ये तपासली. पुढे स्वतःच्या प्रयोगशाळेत त्यांनी उंदराच्या मेंदूच्या सालीतल्या न्यूरॉन्सकडे मोर्चा वळवला. त्या पेशींना दोन दिवस औषधाने गप्प ठेवलं तर त्यांचे जोड आपसूक बळकट होतात, आणि फार उद्दीपित ठेवलं तर क्षीण होतात. हा निबंध १९९८ चा. सस्तन प्राण्यांचा मेंदू शिकत असताना भरकटत का नाही, हा प्रश्न आज जिथे कुठे विचारला जातो तिथे या कामाचा उल्लेख येतो. खेकड्याच्या पोटापासून उंदराच्या मेंदूपर्यंतचं हे अंतर माझ्या मते लहान नाही.

आणि एक गोष्ट मी मूळ लेखात जागेअभावी गाळली होती. आतून वेगळे पण बाहेरून सारखे असलेले खेकडे वेगळे कधी दिसतात? ताण आला की. ही जात अटलांटिकच्या थंड पाण्यात राहते. मार्डर यांच्या गटाने गाठीचं तापमान ७ पासून २३ अंशांपर्यंत नेलं. ताल कितीतरी जलद झाला, पण कोणी चक्राच्या कोणत्या भागात पेटायचं याचं प्रमाण टिकलं. निव्वळ रसायनशास्त्र म्हणून बघितलं तर हे थक्क करणारं आहे, कारण प्रत्येक चॅनेलचा वेग तापमानाबरोबर वेगवेगळ्या दराने बदलतो. त्याहून वर नेलं तेव्हा ताल कोसळला, आणि प्रत्येक खेकड्यात आपापल्या पद्धतीने कोसळला. थंड केल्यावर परत आला. २००४ च्या साडेचार लाख उत्तरांमध्ये जी विविधता नुसती आकड्यांत होती ती इथे बशीत डोळ्यांना दिसते. एकाच औषधाने दोन माणसांचे मेंदू वेगळे का वागतात, हे यातून सिद्ध होत नाही. पण तो प्रश्न कसा मांडायचा, हे मला तरी इथेच पहिल्यांदा नीट कळलं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आजचं, अजून न सुटलेलं उत्तरही आहे. २०२० साली याच प्रयोगशाळेने गाठीला नेहमीच्या अडीचपट पोटॅशियमच्या द्रावणात ठेवलं. तालाचे न्यूरॉन गप्प झाले, अपेक्षेप्रमाणे. पण तसंच ठेवल्यावर पाच-दहा मिनिटांतच, पोटॅशियम तितकंच असताना, ते पुन्हा बोलू लागले. चॅनेलांचं प्रमाण हळूहळू बदलणाऱ्या मॉडेलला हा वेग पेलवेल की नाही, यावर मॉडेल टिकणार की मोडणार हे ठरेल. मोडलं तर मी तेही लिहीन.

आणि तुमच्याच क्षेत्रातला एक धागा. दोन कोटी जाळी एकेक करून चालवणं ही २००४ ची सक्ती होती. २०२० मध्ये याकोब माके यांच्या गटाने याच ३१ पॅरामीटरच्या जाळ्यावर डीप लर्निंग वापरून चालणाऱ्या उत्तरांचा सगळा प्रदेशच शोधून काढला. दूरदूरच्या दोन उत्तरांमध्ये अशी वाट सापडते जिच्यावरून चालताना ताल बिघडत नाही, आणि त्या वाटेवरून थोडं बाजूला सरकलं की लगेच बिघडतो. सिम्युलेशन तुमचं रोजचं काम आहे, तर तो निबंध वाचाच. प्राणी आयुष्यभर स्वतःचे चॅनेल बदलत असताना खरोखर याच वाटांवरून चालतो का, हे कोणत्या मोजमापाने ताडता येईल याबद्दल तुमचं मत मला हवं आहे.